मूळ संहितेचा शोध : 'डायब्लो २' या संगणकीय खेळाच्या दोन आवृत्त्यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

मराठीच्या अभ्यासकाला 'ज्ञानेश्वरी' असे नुसते म्हणून भागत नाही. कोणती प्रत, हा प्रश्न त्याला लगेच विचारावा लागतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध केलेली प्रत, की वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या हस्तलिखिताच्या आधारे १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत? हा प्रश्न विचारण्याची शिस्त म्हणजे पाठचिकित्सा. ग्रंथांच्या बाबतीत ती आपल्या अंगवळणी पडली आहे. संगणकीय खेळांच्या बाबतीत मात्र ती अद्याप रुजलेली नाही. वास्तविक जुने गाजलेले खेळ नव्या रूपात पुन्हा विक्रीस आणण्याची प्रथा गेल्या दोन दशकांत इतकी वाढली आहे की, या शिस्तीची निकड तेथेही निर्माण झाली आहे.

प्रस्तुत लेखात 'डायब्लो २' हा २००० सालचा खेळ आणि 'डायब्लो २ : रिझरेक्टेड' ही त्याची २०२१ सालची नूतनीकृत आवृत्ती यांची तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे. अशा तुलना बहुधा चित्रांच्या सुबकतेवर थांबतात. खेळाची खरी संहिता त्याच्या नियमांत आणि तो खेळण्याच्या रीतीत असते. त्यामुळे नूतनीकरणाची परीक्षाही तेथेच व्हावयास हवी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन आवृत्त्यांचा परिचय

'डायब्लो २' हा भूमिका-खेळ या प्रकारात मोडतो. अशा खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे बळ व कौशल्ये टप्प्याटप्प्याने वाढवतो आणि कथेतून पुढे सरकतो. अमेरिकेतील ब्लिझार्ड नॉर्थ या संस्थेने तयार केलेला हा खेळ जून २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ॲमेझॉन, नेक्रोमॅन्सर, बार्बेरियन, सॉर्सरेस व पॅलाडिन या पाच भूमिकांपैकी एक निवडून, सैतानी शक्तीने पछाडलेल्या एका भटक्याचा माग काढत चार अंकांतून प्रवास करावयाचा, असे त्याचे कथानक. २००१ मध्ये आलेल्या 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' या पुरवणीने त्याला पाचवा अंक आणि ड्रुइड व असॅसिन या दोन भूमिका जोडल्या. मॅट उल्मेन यांच्या संगीताने, विशेषतः गिटारच्या सुरावटींनी, या खेळाला स्वतःचे वातावरण दिले.

नूतनीकृत आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तिच्या निर्मितीत ब्लिझार्डने, त्याच वर्षी आपल्यात सामावून घेतलेल्या व्हायकेरियस व्हिजन्स या संस्थेचा मोठा वाटा होता. सुमारे सत्तर टक्के जुने आणि तीस टक्के नवे, असे आपले सूत्र निर्मात्यांनी मुलाखतींतून सांगितले होते. तांत्रिकदृष्ट्या ही रचना लक्षणीय आहे. खाली जुन्या खेळाचे गणित चालू असते. कोणता घाव लागला, कोणता हुकला, राक्षसाच्या हातून काय पडले याचा हिशेब पूर्वीप्रमाणेच सेकंदाला पंचवीस ठोक्यांनी होतो. त्या हिशेबावर नव्या त्रिमितीय चित्रांचा थर चढवलेला आहे. संगणकाच्या कळफलकावरील 'जी' ही कळ दाबली की हा थर बाजूला होतो आणि आठशे गुणिले सहाशे ठिपक्यांचे जुने चित्र समोर येते. पुन्हा दाबली की नवे चित्र परत येते.

ही एक कळ म्हणजे या आवृत्तीचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. डाव्या पानावर जुनी संहिता व उजव्या पानावर नवी संहिता छापावी, तसा हा प्रकार आहे. हे प्रथमदर्शनी मत कितपत टिकते ते पुढे पाहावयाचे आहे.

चित्राचा पाठ

प्रथम चित्रांचा विचार करू. मूळ खेळातील आकृत्या त्रिमितीय नमुन्यांवरून आधी तयार करून ठेवलेल्या सपाट चित्रांच्या होत्या. पात्राचा चेहरा म्हणजे मोजके ठिपके. त्या ठिपक्यांत भुवई, व्रण वा सुरकुती मावत नसे. सभोवती काळोख, आणि त्यात पात्राभोवतीचे एक लहान प्रकाशवर्तुळ. जे दिसत नाही ते खेळणाऱ्याने मनात भरून काढावयाचे. ही मर्यादा यंत्राची होती हे खरे. पण भयकथेला ती पोषक ठरली. कीर्तनकार युद्धाचे वर्णन करताना रणांगण दाखवीत नाही, तरीही श्रोत्याला ते दिसते. जुन्या खेळाचा परिणाम काहीसा याच जातीचा होता.

नव्या आवृत्तीने हे सर्व उघड करून दाखवले. चामड्याची शिवण, चिलखताचा गंज, ओल्या दगडावरची चकाकी हे आता डोळ्यांना दिसते. काही ठिकाणी हा लाभ निर्विवाद आहे. कुरास्तच्या जंगलातील साचलेले पाणी किंवा वाळवंटातील थडग्यांच्या भिंती जुन्या चित्रात एकसुरी वाटत. त्यांना आता पोत आला आहे. सुमारे सत्तावीस मिनिटांची चित्रफीत-दृश्ये नव्याने घडवली, परंतु त्यांची मूळ मांडणी आणि संवादांचे जुने ध्वनिमुद्रण कायम ठेवले. ज्यांनी हा खेळ पूर्वी ऐकला आहे त्यांच्या कानाला येथे परकेपणा जाणवत नाही, ही संपादकीय विवेकाची खूण मानावयास हवी.

तोटाही आहे. ठिपक्यांच्या चेहऱ्याला एकदा नाकडोळे दिले की तो चेहरा एकाच व्यक्तीचा होतो. ॲमेझॉनच्या बदललेल्या रूपावरून खेळणाऱ्यांत जो वाद झाला, त्याचे मूळ येथे आहे. नवा चेहरा योग्य की अयोग्य, यावर तेथे भांडण झाले. मात्र जुन्या खेळात प्रत्येकाने आपापली ॲमेझॉन पाहिली होती, आणि कोणताही नवा चेहरा त्या असंख्य चेहऱ्यांची जागा घेणारच होता. दुसरे असे की, तपशील वाढले की रणभूमीचे वाचन अवघड होते. जुन्या चित्रात शत्रू आणि जमीन यांच्यातील भेद ठळक होता. नव्यात धूर, ठिणग्या आणि सावल्या यांच्या गर्दीत तो पुसट होतो. कळ दाबून क्षणभर जुन्या चित्रात जाण्याचा मोह अशा वेळी होतो, तो निव्वळ स्मरणरंजनातून नव्हे.

एवढ्यावर थांबलो तर आपण खेळाकडे चित्रपटाप्रमाणे पाहत आहोत, असे होईल. 'मुघल-ए-आझम' हा १९६० सालचा चित्रपट २००४ मध्ये रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकाने करावयाची कृती बदलली नव्हती. त्याने पूर्वीही पाहिले, आताही पाहिले. खेळात मात्र खेळणारा सतत काही करीत असतो, आणि तो काय करू शकतो हे नियम ठरवतात. म्हणून चित्रांपेक्षा खोल पाठ नियमांचा आहे.

नियमांचा पाठ

येथे पहिली अडचण 'मूळ' या शब्दाचीच येते. 'डायब्लो २' प्रसिद्ध झाल्यावर गोठून राहिला नाही. २००१ च्या पुरवणीने त्याचे संतुलन बदलले. २००३ मधील १.१० या सुधारणेने कौशल्ये परस्परांना बळ देतील अशी योजना आणली. त्यामुळे पात्र घडवण्याची संपूर्ण रीत पालटली. २०१० मधील १.१३ या सुधारणेपर्यंत एकदा चुकीच्या कौशल्यावर खर्च केलेला गुण परत मिळत नसे. त्या सुधारणेनंतर अकारा या पात्राकडून ते सर्व गुण परत घेऊन पात्र नव्याने घडवता येऊ लागले. हा बदल लहान दिसतो. पण त्यापूर्वीच्या खेळात निवडीला परिणाम होता आणि चूक आयुष्यभर वागवावी लागे. त्यानंतरच्या खेळात पश्चात्तापाला वाव मिळाला. कथा तीच, चित्रे तीच, परंतु नैतिक वातावरण निराळे.

नूतनीकृत आवृत्ती या परंपरेतील शेवटच्या टप्प्यावर उभी आहे. परिणामी 'जी' कळ दाबून जे समोर येते, ते २००० सालचा खेळ नसते. चित्र २००० सालचे, नियम त्यानंतरच्या सुधारणांतून गाळून आलेले. एखाद्या पोथीचे जुने मुखपृष्ठ जपून ठेवावे आणि आतील पाने मात्र उत्तरकालीन प्रतीची असावीत, तसा हा प्रकार झाला.

पुढे हे अंतर आणखी वाढले. एप्रिल २०२२ मधील २.४ या सुधारणेने सातही भूमिकांच्या कौशल्यांत फेरफार केले; संतुलनातील असा मोठा बदल २०१० नंतर प्रथमच होत होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये 'टेरर झोन' हे नवे प्रकरण आले. त्यात निवडक प्रदेशांतील शत्रू अधिक बलवान होतात. या बदलांचे गुणदोष स्वतंत्रपणे पाहता येतील. अनेक दुर्लक्षित कौशल्यांना त्यांनी जीवदान दिले आणि खेळातील वैविध्य वाढवले, हे मान्य करावे लागेल. तथापि एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. चित्रे जुनी करण्यासाठी कळ आहे. कौशल्यांचे गणित २००० किंवा २००३ चे करण्यासाठी कळ नाही. जे डोळ्यांना दिसते त्याच्या पाठभेदाची सोय झाली. जे हाताला जाणवते त्याच्या पाठभेदाची झाली नाही.

सोबतीचा पाठ

नियमांपेक्षाही सहज नजरेआड होणारा एक पाठ असतो, तो म्हणजे खेळ कोणासोबत व कशा रीतीने खेळला जातो याचा. या दृष्टीने दोन बदल महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल पेटीचा. मूळ खेळात प्रत्येक पात्राची सामानपेटी स्वतंत्र होती. एका पात्राला सापडलेली मौल्यवान तलवार आपल्याच दुसऱ्या पात्राकडे द्यावयाची असेल, तर ऑनलाइन खेळात ती जमिनीवर टाकून, बाहेर पडून, दुसऱ्या पात्राने परत यावे लागे. दरम्यान खेळ बंद पडला वा तलवार दुसऱ्या कोणी उचलली तर ती गेली. म्हणून लोक विश्वासातल्या मित्राला ती सांभाळावयास देत. नव्या आवृत्तीने सर्व पात्रांना मिळून वापरता येईल अशी सामाईक पेटी दिली. जमिनीवरचे सोने वेचण्यासाठी प्रत्येक ढिगावर टिचकी मारण्याचे कष्टही वाचवले. सोय झाली यात शंका नाही. परंतु त्या गैरसोयीतून निर्माण झालेला, परक्यावर विश्वास टाकण्याचा एक लहानसा व्यवहार त्याबरोबर संपला.

दुसरा बदल अधिक गंभीर आहे. मूळ खेळात दोन संगणक तारेने जोडून, बाहेरच्या इंटरनेटशिवाय, एकाच खोलीत बसून एकत्र खेळता येत असे. नव्या आवृत्तीतून सुरक्षिततेचे कारण देऊन ही सोय काढून टाकण्यात आली. एकट्याने खेळावयाचे तर जाळ्याबाहेर राहता येते. सोबतीने खेळावयाचे तर कंपनीच्या सर्व्हरमधूनच जावे लागते. महानगरातील समीक्षकाला हा फरक किरकोळ वाटू शकेल. जेथे वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा देता येत नाही, अशा हिंगोली जिल्ह्यासारख्या भागातून पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. शेजारी बसलेल्या मित्राशी खेळण्यासाठी दूरच्या सर्व्हरची परवानगी लागणे, हा त्या खेळाच्या सामाजिक संहितेतील मूलभूत बदल आहे. आणि सर्व्हर एके दिवशी बंद झाला, तर जुन्या खेळाची जोडलेली तार चालू राहील. नव्या आवृत्तीची सोबत राहणार नाही.

या संदर्भात ऑक्टोबर २०२१ मधील घटना उद्बोधक आहे. प्रसिद्धीनंतर काही आठवड्यांतच नव्या आवृत्तीचे सर्व्हर वारंवार कोलमडले. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या खुलाशात एक कारण असे होते की, खेळात प्रवेश देण्यासारखी महत्त्वाची कामे जुन्याच संगणक-आज्ञावलीवर चालू होती. शिवाय आजचे खेळणारे जुन्या काळच्या मानाने फार वेगाने नवे खेळ उघडतात व बंद करतात, आणि तो भार जुन्या रचनेला पेलवला नाही. म्हणजे संहिता जुनी राहिली तरी वाचक बदलला होता. वीस वर्षांत लोकांनी या खेळाची एक कार्यक्षम, घाईची वाचनपद्धती तयार केली होती. कोणतेही नूतनीकरण जुना वाचक परत आणू शकत नाही, ही त्याची अपरिहार्य मर्यादा येथे उघड झाली.

मूळ साधनांचा प्रश्न

येथे खेळाच्या मूळ साधनांचाही विचार करावयास हवा. 'डायब्लो २' च्या निर्मात्यांपैकी शेफर बंधूंनी नंतरच्या काळात सांगितले आहे की, निर्मितीच्या अखेरच्या टप्प्यात खेळाची मूळ आज्ञावली व चित्रसामग्री आणि तिची राखीव प्रतही खराब झाली. सहकाऱ्यांनी घरी नेलेल्या प्रतींतून बरेच पुन्हा जुळवावे लागले. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत हरवली व ते शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या कथेची येथे आठवण होते. अवघ्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या, कोट्यवधी डॉलरच्या उद्योगातील कृतीची साधनेही इतकी नाजूक असू शकतात.

ही नाजूकता या एका खेळापुरती नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. आपल्याकडे १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणे बंधनकारक केले. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे त्यात आली. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. संगणकीय खेळ त्या कायद्याच्या कक्षेत बसत नाहीत. त्यामुळे एखाद्या खेळाची कोणती आवृत्ती टिकावी हे ग्रंथपाल वा अभ्यासक ठरवीत नाही, विक्रेता ठरवतो.

विक्रेत्याचा निर्णय कसा असू शकतो याची दोन उदाहरणे एकाच कंपनीने घालून दिली आहेत. जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३' या तिच्या व्यूहरचना-खेळाची नूतनीकृत आवृत्ती आली, तेव्हा ज्यांनी जुना खेळ विकत घेतला होता त्यांचाही ऑनलाइन खेळ नव्या आवृत्तीत विलीन करण्यात आला. नवी आवृत्ती सदोष निघाल्यावर जुन्याकडे परतण्याची वाटच उरली नाही, आणि खेळणाऱ्यांच्या संतापानंतर कंपनीला पैसे परत देण्याची सवलत जाहीर करावी लागली. 'डायब्लो २' च्या बाबतीत मात्र नव्या आवृत्तीने जुना खेळ गिळला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याच्याकडे तो राहिला. या लेखात नोंदवलेले सर्व पाठभेद आपण तपासू शकतो ते एवढ्याच कारणाने.

नूतनीकरणाचे निकष

उपरोक्त विवेचनावरून नूतनीकृत आवृत्तीच्या मूल्यमापनासाठी तीन निकष सुचवता येतात. संपादकाने आपण काय बदलले ते स्वच्छ सांगितले आहे काय? जुने व नवे यांच्यातील सांधा पाहणाऱ्याला ओळखू येतो काय? आणि जुनी प्रत स्वतंत्रपणे उपलब्ध राहिली आहे काय?

एकनाथांनी पहिला निकष कसोशीने पाळला. आपले नाव, शक आणि शुद्धीकरणाचे कारण त्यांनी नोंदवले आणि पुढील कोणी त्यात स्वतःची भर घालू नये असा इशाराही दिला. तथापि त्यांची प्रत सर्वमान्य झाल्यावर त्यापूर्वीच्या प्रती मागे पडल्या, आणि एकनाथपूर्व संहितेचा शोध अभ्यासकांना शतकानुशतकांनंतर घ्यावा लागला. उत्तम संपादनही तिसऱ्या निकषाची उणीव भरून काढू शकत नाही, हा त्यातील धडा आहे.

दुसऱ्या निकषाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. औंढा नागनाथ येथील मंदिराचा खालचा शिल्पसमृद्ध दगडी भाग प्राचीन आणि वरचा भाग उत्तरकालीन जीर्णोद्धारातील, हे मंदिराला प्रदक्षिणा घालणाऱ्या कोणाही भाविकाला नजरेने कळते. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी खालच्या शिल्पांची नक्कल करण्याचा आव आणला नाही. म्हणून तेथे दोन काळ एकमेकांना न पुसता उभे आहेत.

या कसोट्यांवर 'डायब्लो २ : रिझरेक्टेड' चे स्थान मिश्र ठरते. सुधारणांच्या याद्या प्रसिद्ध केल्यामुळे पहिल्या निकषावर ती उतरते. जुना खेळ शिल्लक राहिल्यामुळे तिसऱ्यावरही उतरते. दुसऱ्या निकषावर मात्र ती अर्धीच उतरते. चित्रांचा सांधा तिने एका कळीने उघडा ठेवला. नियमांचा आणि सोबतीचा सांधा झाकून टाकला. कळ दाबून 'मूळ' पाहिल्याचे समाधान जितके सहज मिळते, तितका हा झाकलेला सांधा लक्षात येण्याची शक्यता कमी होते.

समारोप

जुनी आवृत्ती श्रेष्ठ की नवी, असा निवाडा देणे येथे अभिप्रेत नाही. प्रथमच हा खेळ हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने नव्या आवृत्तीपासून सुरुवात करावी. ती काळजीपूर्वक, मूळ कृतीविषयी आदर बाळगून घडवलेली आहे. अभ्यासकाने मात्र तिला मूळ संहिता समजून उद्धृत करू नये. 'डायब्लो २' विषयी लिहिताना सुधारणेचा क्रमांक व वर्ष देणे ही, ग्रंथाची आवृत्ती व प्रकाशनवर्ष देण्याइतकीच, किमान शिस्त मानली पाहिजे.

महाविद्यालयांच्या पातळीवर यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ग्रंथालयांत धूळ खात पडलेल्या जुन्या सीडी, त्यांच्यासोबतच्या पुस्तिका आणि त्या चालवू शकणारा एखादा जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी नोंदवून ठेवला, तरी पुष्कळ साधेल. साहित्य, संगणकशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एकाच खेळाच्या दोन प्रतींचे पाठभेद नोंदवून घेणे हा आंतरविद्याशाखीय प्रकल्प होऊ शकेल. पाठचिकित्सेची परंपरा मराठीत जुनी आहे. आजच्या तरुण पिढीच्या स्मरणातील कथा ज्या माध्यमात साठल्या आहेत, त्या माध्यमापर्यंत ती नेली नाही, तर त्या कथांची फक्त विक्रीयोग्य प्रत तेवढी उद्याच्या अभ्यासकाच्या हाती पडेल.